गेटपाशी सोडलेली मांजरं

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण धारगळ गावात आमच्या वाड्यावर आणि तुयेला आमच्या कारखान्यात सगळे मला 'मांजरवाली' म्हणतात. मांजरवाली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडीवर मांजर घेऊन त्याच्या कानात काहीबाही बोलणारी एक प्रेमळ बाई येते. मी तशी नाही. मांजर मांडीवर चढलं तर मी उठून उभी राहते. मला मांजरं आवडत नाहीत, पण ती रस्त्यावर सोडून जाणारी माणसं त्याहून आवडत नाहीत. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी गोळ्या पॅक करायच्या विभागात आहे. मशीनवरून पट्ट्या येतात, त्यात फुटकी गोळी किंवा रिकामं घर दिसलं की ती पट्टी बाजूला काढायची. सकाळी आम्ही पाच-सहा बायका हायवेच्या कडेला कारखान्याच्या बसची वाट बघत उभ्या असतो. त्या दिवशीही तशाच उभ्या होतो. एक पांढरी गाडी आमच्यापासून थोडी पुढे जाऊन थांबली. मागचं दार उघडलं, बांगड्या घातलेला एक हात बाहेर आला आणि त्या हाताने एक पिवळं मांजर रस्त्याच्या कडेला ठेवलं. फेकलं नाही. फुलाची कुंडी ठेवावी तसं जपून ठेवलं. दार लागलं आणि गाडी निघाली.

मांजर क्षणभर उभं राहिलं आणि मग गाडीमागे धावत सुटलं. हायवेवर. मागून टेम्पो आला, त्याने ब्रेक मारला तरी धक्का बसलाच. मांजर लोळत कडेच्या चरात पडलं. आमच्यातली एक "अगे बायो!" म्हणाली, एक हसली. तिला हसू का आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मी ओढणीत मांजर गुंडाळलं, त्याने माझा हात ओरबाडून काढला, तेवढ्यात बस आली आणि माझ्याशिवाय गेली.

त्या दिवशी मला मांजराची दया आली असं मला मुळीच आठवत नाही. मला त्या हाताचा राग आला होता. गाडी निघून गेलेली, राग काढायला समोर फक्त मांजर होतं, म्हणून मी ते उचललं.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने दुखायचं थांबवणारं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की हाड जोडायला सळी घालावी लागेल, ते काम इथे होत नाही. माझा नवरा डिचोलीकडच्या खाणीवर टिपर चालवतो. खाण कधी बंद, कधी चालू, आणि चालू असली की तो तिकडेच खोली घेऊन राहतो आणि रविवारी घरी येतो. त्याच्या ओळखीने डिचोलीतल्या एका खाजगी डॉक्टरकडे गेले. म्हापशाला बस बदलून, मांडीवर भाजीची टोपली, टोपलीवर बांधलेलं फडकं, आणि आतून येणाऱ्या ओरडण्यावर मागेपुढे बसलेल्या प्रत्येकाचं एकेक मत. कंडक्टरने टोपलीचं वेगळं तिकीट फाडलं.

डॉक्टर म्हातारा, कपाळाला सतत आठी. त्याने पाय दाबून बघितला.

"बाय, हें मांजर तुजें?"

"माझं नाही. रस्त्यावर मिळालं."

"तुजें न्हय जाल्यार पयशे कोण दितलो?"

"मीच."

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "एकदा कमी घेतां," तो म्हणाला. "दर खेपे ना. म्हाकाय घर आसा."

माणूस खरं बोलला याचं मला बरं वाटलं. पुढच्या काही वर्षांत मला जे लोक भेटले त्यांच्यापैकी फार थोडे इतकं खरं बोलले.

रविवारी नवरा घरी आला. मांजर माजघरात पाय लांब करून बसलेलं.

"सळी?" तो म्हणाला. "मांजराच्या पायात सळी घातलंस? आणि माझी दाढ? मी वर्स झाला एका बाजून जेवतंय."

"दाढ काढून घेवा म्हणून मी तुमका कितीदा सांगलंय. तुमीच भियातात. पैशाचां नाव कित्याक घेतात?"

भितो हे खरंच होतं. पण त्या आठवड्यात तो दाढ काढून आला आणि त्याचा खर्च माझ्यासमोर आपटला, जणू आमच्यात कोणी शर्यत लावली होती.

आमचं घर दोघा भावांत वाटलेलं आहे. पुढचं अंगण एकच. डाव्या बाजूला दीर आणि माझी थोरली जाऊ, उजव्या बाजूला आम्ही. दिरांची मागे केळीची बाग आहे, ते बोलत नाहीत. त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं जाऊ बोलते. मी तिला वयनी म्हणते. लग्न होऊन दोडामार्गाकडून मी या घरात आले तेव्हापासून आमचं पटलेलं नाही, आणि पटावं म्हणून दोघींपैकी कोणीही कष्ट घेतलेले नाहीत. वयनी अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालते, तिच्या कोंबड्या आहेत. यावरून पुढचं समजायला हरकत नाही.

पिवळं मांजर लंगडत का होईना, चालायला लागलं आणि ही बातमी गावभर झाली. आठवडाभराने गेटपाशी बिस्किटांचं खोकं. आत तीन पिल्लं, डोळे चिकटलेली. पुढच्या महिन्यात सिमेंटची पिशवी. मग एक हॉटेलवाला दिवसाढवळ्या स्कूटर लावून आला, म्हणाला, "तुमी घेतात मगे?" जसं भंगारवाल्याला विचारतात. मी नाही म्हणाले, तर तो हसून म्हणाला, "मग हंयच सोडतंय, काय तां बघा." आणि सोडून गेला.

सगळ्यांना एक ठाऊक होतं की मी मरू देणार नाही. त्याला ते माझा चांगुलपणा म्हणत. मला तो त्यांच्या हातात सापडलेला माझा कान वाटे. कोणीही यावं आणि पिळावा.

खर्चाचं लोकांना काही वाटत नाही, कारण मांजर म्हणजे काय, उरलंसुरलं खाणार. तसं नसतं. इतक्या मांजरांना पुरेल एवढं माझ्या घरात कधीच उरलं नाही. रोज जाडा तांदूळ, त्यात माशांची डोकी. चोपड्याच्या एका मासेवालीशी मी ठरवून घेतलं होतं, ती डोकी बाजूला ठेवायची. आधी फुकट द्यायची, मग मी रोज येते म्हटल्यावर पैसे घ्यायला लागली. मग जंताचं औषध, डोळ्यांत घालायचं औषध, खरजेचं औषध, आणि मादी असली की ऑपरेशन. ऑपरेशन केलं नाही तर एकीच्या पाच होतात हे मी पहिल्याच वर्षी शिकले. कारखान्यात मी जादा पाळ्या मागून घ्यायला लागले. दिवाळीला साडी घेतली नाही. माझ्या बाजूच्या छपराची कौलं शाकारायची होती, ती तशीच राहिली आणि पावसात माजघरात बालद्या लागल्या. वयनी त्या बालद्यांकडे बघून म्हणाली, "मांजरांका दूध घालूक बरी झाली." मी मांजरांना दूध कधीच घातलं नाही. पण ती असं काही बोलली की मला एक दिवस तरी उत्तर सुचत नसे आणि ते तिला माहीत होतं.

लोक पैसे देत नसत, सल्ले देत. कोणी म्हणे पुण्य लागेल. कोणी म्हणे तुला मूलबाळ नाही म्हणून तू हे करतेस. हे म्हणणाऱ्या बाईच्या घरची दोन पिल्लं त्या वेळी माझ्या माजघरात होती.

अशात एके दिवशी चोपड्याची एक बाई आली. नदीकडेला बंगला भाड्याने घेऊन राहणारी, मुंबईची, मराठी बोलणारी. वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवायची. मासेवालीने तिला माझं घर सांगितलं होतं. अंगणात शिरताच तिने चपला काढल्या, मांजरांमध्ये खाली बसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"ताई, तुम्ही काय करताय तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही ग्रेट आहात."

मला असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मी चहा केला, पोदेराकडचे ताजे उंडे पाव दिले. तिने फोनवर माझा व्हिडिओ काढला: मी भात कालवतेय, मांजरं पायांत घोटाळतायत, मागे वयनी सुंगटं झाकायला धावतेय. त्या आठवड्यात कारखान्यातल्या पोरींनी तो मला दाखवला. खाली कितीतरी लोकांनी बदाम टाकले होते. एकाने विचारलं होतं, हे घर नक्की कुठे आहे. बाईने सांगितलं होतं. हायवेवरून कसं वळायचं, गेटचा रंग कोणता, सगळं.

त्यानंतर म्हापशाहून लोक यायला लागले. गाड्या करून.

मी तिला फोन करून तो पत्ता काढून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, "हो हो, सॉरी ताई," आणि काढला. पण तोवर ज्यांना हवा होता त्यांनी तो बघून घेतला होता.

एप्रिलच्या शेवटी ती परत आली. बंगल्यात तिची स्वतःची पाच-सहा मांजरं होती, माणसांसारखी नावं ठेवलेली. ती सगळी तिने प्लॅस्टिकच्या टोपल्यांतून आणली होती, बरोबर बिस्किटांचं मोठं पोतं.

"फक्त पंधरा दिवस, ताई. उन्हाळा मला सोसत नाही, मी डोंगरात जाऊन येते. सगळ्यांची इंजेक्शनं झालीत, काही काळजी नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिने पंधरा दिवसांचे पैसे पुढे केले होते, पाऊस तोंडावर होता आणि कौलं तशीच होती. मी घेतले. कौलवाल्याला विसार दिला.

पंधरा दिवस झाले, ती आली नाही. फोन केला, वाजून बंद झाला. पुढे काही दिवस वाजत राहिला. मग एक यंत्रातली बाई बोलायला लागली.

जूनच्या सुरुवातीला तिच्या मांजरांतलं एक करडं खाईना. ओकलं, पिवळा फेस. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलं. पाणी पीत नव्हतं. तहान लागलेली, तोंड पाण्यावर, पण पीत नव्हतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं तर तेही ओकलं. टोपलीत घालून डिचोलीला नेलं. डॉक्टरने नुसतं बघितलं आणि हात धुवायला गेला. परत येऊन त्याने विचारलं, घरात आणखी किती आहेत. मी सांगितलं.

हा मांजरांचा एक रोग असतो, त्याने समजावलं, लस दिलेली असली तर वाचतात, नसली तर बहुतेक नाही. पिल्लं तर नाहीच. आणि हा रोग फरशीत, फडक्यांत, भिंतीत महिनोन्‌महिने राहतो. मी म्हटलं, बाई म्हणाली इंजेक्शनं झालीत. तो म्हणाला, इंजेक्शनं झालेली मांजरं अशी बसत नाहीत.

माझ्या घरच्या मांजरांना लस दिलेली होती का? काहींना. माझ्या ऐपतीत बसली तेवढ्यांना. पावसाळ्यानंतर उरलेल्यांना द्यायची असं मी ठरवलं होतं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली आठवते. डॉक्टरने मला कातडीखाली सुई घालायला शिकवलं होतं, कारण रोज इतकी मांजरं बसमधून नेणं शक्य नव्हतं. माझ्या हातांना येणारा फरशी धुवायच्या औषधाचा वास आठवतो. तो कारखान्यातही जात नव्हता आणि शेजारची पोर तोंडावर रुमाल धरायची. मी रजा टाकली. सुपरवायझर म्हणाला, "आई आजारी आहे म्हणून सांगा, मी देतो. मांजर म्हणून कशी देऊ?" माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मी बिनपगारी घेतली.

कौलं शाकारायला ठेवलेले पैसे औषधांत गेले. कौलवाला आला, विसार परत देणार नाही म्हणाला. मी म्हटलं, ठेवून घे.

मेलेल्यांना पुरायला दिरांनी खड्डे खणले. मी सांगितलं नव्हतं. एका सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर आले तर ते फावडं घेऊन बागेकडे चालले होते. पावसाने माती जड झालेली. वयनी बांधावर उभी राहून ओरडत होती, "थंय नको, केळीच्या मुळात जातला. ह्या बाजूक मारा." ते मुकाट्याने त्या बाजूला सरकले. त्यानंतर रोज सकाळी एक खड्डा तयार असायचा. कधी दोन.

एकदा मी डिचोलीहून औषध घेऊन दुपारची परत आले. गेटमधून बघते तर वयनी माझ्या पायरीवर बसलेली, पदरात एक पिल्लू, आणि बिनसुईच्या सिरिंजने ती त्याच्या तोंडात पाणी सोडतेय. मला बघताच तिने पिल्लू खाली ठेवलं.

"रडत होतां. माझ्या कानाक त्रास," ती म्हणाली आणि आपल्या बाजूला निघून गेली.

ते पिल्लू संध्याकाळी गेलं. पिवळं मांजर सगळ्यांत शेवटी गेलं. मोठं होतं, त्याने बरेच दिवस काढले, मला वाटलं वाचतंय. एक दिवस त्याने थोडा मासा खाल्लाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मान पाण्यावर. त्याच्या पायातली सळी तशीच त्याच्याबरोबर पुरली. खाली दगड लागल्यामुळे दिरांना तो खड्डा जास्त खोल मारता आला नाही, म्हणून त्यांनी वर चिरा आणून ठेवला.

मी रडले नाही. लोकांना हे खटकलं. वाड्यावरची एक म्हणाली, इतकं करून हिच्या डोळ्यात पाणी नाही. माझ्या डोळ्यात पाणी नव्हतं, पण दात इतके दाबून धरलेले असायचे की रात्री जबडा ठणकायचा. त्याच दिवसांत कारखान्यातल्या पोरीने मला त्या बाईच्या पानावरचे फोटो दाखवले. बर्फाचे डोंगर, हातात चहाचा कप. एकात तिच्या मांजरांचा जुना फोटो आणि खाली लिहिलेलं, बाळांची खूप आठवण येतेय. त्यालाही बदाम.

मी रविवारची चोपड्याला गेले. बंगल्यात दुसरेच लोक राहायला आले होते. राखणदार म्हणाला, बाईने एप्रिलमध्येच जागा सोडली, सामान नेलं. म्हणजे पंधरा दिवसांची गोष्ट तिने माझ्या अंगणात उभी राहून बोलली तेव्हाच खोटी होती. भाड्याच्या घरासारखी तिने मांजरंही सोडली होती. फक्त पांढऱ्या गाडीतल्या बाईपेक्षा हिने पैसे जास्त खर्च केले होते, आणि मला ग्रेट म्हटलं होतं.

शेवटी माझ्याकडे तीन मांजरं उरली, तिन्ही लस दिलेली. मी फडकी, टोपल्या, गोणपाटं सगळं जाळलं.

दसऱ्यानंतर पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला आणि ती बाई परत उगवली. नवीन जागा घेतली होती, मोरजीकडे कुठेतरी. हातात चॉकलेटांचा डबा.

"माझी बाळं कुठेत?" गेटमधूनच तिने विचारलं.

मी तिला बागेच्या कडेला घेऊन गेले. ओळीने मातीचे उंचवटे होते, काहींवर गवत आलेलं. तिला समजायला वेळ लागला. मग तिने तोंडावर हात धरला.

"सगळी?"

"सगळी. तुमची आणि माझी."

"कुठलं कुठे आहे?"

"माहीत नाही. विचारायला फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत."

ती रडायला लागली. खोटं रडत नव्हती, हे मला मान्य करावं लागतं. खाली बसून हुंदके देऊन रडत होती. त्याने माझा राग कमी झाला नाही, उलट भडकला. हिला रडता येतं, आणि वर ते खरंही असतं, म्हणजे हिला सगळंच मिळालं, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पण ताई, इतकी मांजरं एकत्र ठेवायचीच नसतात. इन्फेक्शन होणारच ना. तुम्ही जरा काळजी घ्यायला हवी होती."

तेवढ्यात मागून आवाज आला. विहिरीपाशी वयनी बांगडे साफ करत होती. ती तशीच उठून आली, हातांना माशाची घाण, कोपरापर्यंत ओली.

"काळजी?" ती म्हणाली. "तू कोण गो? तू खंय होतंस?"

"मी... मी डोंगरात होते. तिथे रेंज नव्हती."

"फोटो घालूक रेंज होती? हिना रजा काढल्यान, पगार कापून घेतल्यान, घराचां छप्पर गळता ता बघ वर. माझ्या घोवान खड्डे मारल्यान. पावसात. त्याची पाठ अजून धरता. आणि तू आमका काळजी शिकयतंस?"

बाई माझ्याकडे बघायला लागली, मी वयनीला आवरीन म्हणून. मी आवरलं नाही.

मग तिने पर्स उघडली. "किती झाले तुमचे, सांगा. मी देते. खरंच देते."

अशा वेळी पैसे तोंडावर फेकायचे असतात असं लोकांना वाटतं. मी घेतले. तिने दिले तेवढे सगळे घेतले. डॉक्टरचं देणं होतं, ते माझं होतं, तिच्या पश्चात्तापाने ते फिटणार नव्हतं. चॉकलेटचा डबा मात्र वयनीने तिच्या हातात परत कोंबला. डब्याला खवले लागले. बाई गाडीत बसली, आणि पुन्हा आमच्याकडे कधी आली नाही.

गाडी वळल्यावर वयनी म्हणाली, "माझ्या सुंगटांचे?"

"कसले?"

"दोन वर्सां तुझी मांजरां खातत. त्यातले दी."

मी दिले. तिने ते मोजून कमरेला खोचले. आता आमच्यात गोडवा आला असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. दुसऱ्याच दिवशी माझं मांजर तिच्या कोंबडीमागे लागलं आणि तिने त्याच्यावर घमेलंभर पाणी फेकलं. थोडं माझ्यावरही.

डॉक्टरने बजावलं होतं, वर्षभर नवीन पिल्लू घरात आणायचं नाही, आणलं तर मरेल. मी हे ज्याला त्याला सांगितलं. लोक मान हलवत आणि खोकं ठेवून जात. ती पिल्लं मी उचलून डिचोलीला नेई. डॉक्टर ती आपल्या गोठ्यात काही दिवस ठेवून घेई, भाडं लावून. दोन-चार जणांनी तिथूनच नेली. सगळी नाही जगली.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेटच्या आत झाडत होते. बाहेर स्कूटर थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, पुढच्या हुकाला कांद्याची जाळीची पिशवी, पिशवीत मांजर. त्याने इकडे-तिकडे बघितलं, पिशवी काढली, गेटला टेकवून ठेवली आणि वळला. मी खराटा टाकून बाहेर आले आणि आधी स्कूटरची चावी काढून घेतली.

"कोण तुमी?" मी विचारलं.

"ना, तें... तुमी घेतात म्हण आयकलां."

"घेत नाही."

"मांजर बरें आसा हो. पूण घडये घडये पिलां घालता. बायल म्हणटा सोडून यो."

पोट बघितलं, मादी होती, या वेळी गाभण नव्हती. मी पिशवी उचलली आणि त्याच्या स्कूटरवर मागे जाऊन बसले. वयनी अंगणातून बघत होती, तिच्या हातातलं सूप हलायचं थांबलं.

"चला," मी म्हणाले.

"खंय?"

"डिचोली. डॉक्टरकडे. पिलां नकोत मगे? ऑपरेशन करून घेवया. पैसे तुमचे."

"म्हाका आयज काम आसा."

"मग चावी उद्या न्या."

त्याने पुन्हा इकडे-तिकडे बघितलं. वाड्यावरची दोन-तीन माणसं बाहेर येऊन उभी होती. त्याने चावी मागायला हात पुढे केला, मी दिली. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातलं मांजर सबंध वाट ओरडत होतं.

डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, पैसे कोण देणार. मी त्या माणसाकडे बोट दाखवलं. डॉक्टरच्या कपाळावरची आठी तेव्हा पहिल्यांदा जरा सैल झाली. माणसाने पाकीट काढलं, आणि त्यातून नोटा निघताना मी अगदी बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या पाकिटातून मांजरासाठी पैसे निघताना मी बघितले नव्हते. त्या बाईचे मी धरत नाही, ते तिच्या रडण्याचे होते.

दुसऱ्या दिवशी मांजर आणायलाही मी त्याच्याबरोबर गेले. त्याला तशी इच्छा नव्हती, पण नको म्हणायचं धाडसही नव्हतं. येताना मी म्हटलं, आता तुमच्या घरी चला. घर कुठे म्हणाल तर धारगळलाच, आमच्यापासून दोन वाडे पुढे. त्याच्या बायकोने दार उघडलं.

"हें परत कित्याक हाडलें?"

"ह्याका आता पिलां जावची नाय," मी म्हणाले. "पोटाचो टाको सुकासर भितर ठेवा. सुंगटांची डोकी घाला, भात घाला. तुमचां मांजर, तुमीच बघा."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो स्कूटर उगाच पुसत होता.

दूध आणायला जाताना मला त्यांच्या घरावरून जावं लागतं. मांजर बहुतेक वेळा पुढच्या भिंतीवर बसलेलं असतं, जाडं झालंय. ती बाई बाहेर असली तर मला बघून तोंड फिरवते. मी थांबत नाही, बोलत नाही, फक्त भिंतीकडे बघून पुढे जाते. ज्या दिवशी ते तिथे दिसणार नाही त्या दिवशी मी आत शिरून विचारणार आहे, आणि हे तिलाही माहीत आहे.